कावेरीच्या साखरपुड्यातलं माझं भाषण

ज्या मुलीचं लग्न कॅनडात पोचेपर्यंत होऊ नये म्हणून मी वर्षभर तिच्या घरच्यांना बजावत होतो, तिचं लग्न मीच माइकवरून लावून दिलं. जेवण चांगलं होतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल.

मी गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात इमिग्रेशनच्या फाइल बनवतो. लायसन ऑफिसच्या मॅडमचं, धावपळ माझी. सायखेड्याच्या दौलतरावांचा मुलगा अमोल कॅनडात स्थिरावला होता आणि आईवडिलांना स्पॉन्सर करत होता, म्हणजे यांचा भार मी उचलतो असं तिथल्या सरकारला लिहून देत होता. बहिणीला असं थेट नेता येत नाही. पण आईवडिलांच्याच फाइलमध्ये तिचं नाव डिपेंडंट म्हणून घालता येतं. अटी दोन. वय ठरावीक मर्यादेच्या आत हवं, आणि लग्न झालेलं नको. तिकडे पोचेपर्यंत नको.

अमोलची धाकटी बहीण कावेरी दोन्हींत बसत होती. सगळे कागद तिनंच जमवले. तिकडे लागेल म्हणून बापाच्या टोमॅटोच्या पिकअपवर ड्रायव्हिंगही शिकली. अशात स्थळ आलं.

"सायेब, नुसता साखरपुडा केला तर चालंल ना?" दौलतरावांनी विचारलं.

"चालेल. साखरपुडा म्हणजे लग्न नाही. ती आधी तिकडे जाईल, मग येऊन लग्न करेल आणि नवऱ्याला स्पॉन्सर करेल."

प्लॅन उत्तम होता. माझाच होता.

साखरपुडा एका लॉन्सवर होता. मला पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधला. डोक्याला फेटा लागला की आपण कोणीतरी आहोत असं मला वाटायला लागतं. अंगठ्या झाल्या आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी माइक घेतला.

"पावणे जमलेत, सैपाक झालाय, गुरुजी हायेत. मग दुसरा मांडव कशाला? आजच अक्षता टाकून घेऊ."

आमच्या भागात साखरपुड्यातच लग्न उरकणं नवं नाही. गुरुजींच्या पिशवीत अंतरपाट तयार असतो. मामांच्या मनात वेगळंच होतं, ते मला नंतर कळलं. कॅनडाला जाऊन मुलीनं शब्द फिरवला तर? त्यापेक्षा आधी बांधून घेतलेली बरी.

दौलतराव घुटमळले. "सायेबांना इचारा. ते म्हणतील तसं."

माइक माझ्या हातात आला. साध्या विवाहावर माझं एक भाषण आहे, ते मी मिळेल तिथे करतो. मानपान, डीजे, दोनदा मांडव, सगळ्यांवर बोललो आणि 'होऊन जाऊ द्या आजच' म्हणून संपवलं. टाळ्या पडल्या. स्टेजवरून कावेरीनं भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी तिला अंगठा दाखवला.

अक्षताही टाकल्या. नेमक्या नवरीच्या डोक्यावर पडल्या.

जिलेबी खात होतो तेव्हा अमोलचा फोन आला. तिकडे मध्यरात्री जागून त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं होतं.

"सर, साखरपुडा होता ना?"

"होता."

"मग हिच्या गळ्यात मंगळसूत्र कसलं?"

जिलेबी तोंडातच राहिली.

स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडमागे आम्ही जमलो. मामा बिनधास्त होते. "नोंदणीच करू नका. तिकडून कोण बघायला येतंय?"

मी समजावलं. नोंदणी हा लग्नाचा पुरावा, पण लग्न लागलं ते लागलं. लपवलं तर पुढे कावेरी नवऱ्याला बोलावेल तेव्हा तारीख बाहेर येणार. खोटी माहिती दिली म्हणून सगळ्यांचीच फाइल अडकणार, वर काही वर्षं दार बंद.

कावेरीची आई पुढे आली. "म्हंजी आमचं पण नाय?"

"खरं कळवलं तर तुमचं होईल, काकू. हिचं नाव निघेल."

कावेरीनं डोक्यातल्या अक्षता झटकल्या. "कळवा," म्हणाली आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. मामा तिच्याकडे बघत राहिले. ज्या कॅनडाच्या भीतीनं त्यांनी घाई केली, तो भाच्याच्याही हातून गेला हे त्यांना तिथे उमगलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभा राहिलो.

"तू तिथे हजर होतास?"

"हो मॅडम."

"साक्षीदार म्हणून?"

"नाही. वक्ता म्हणून."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तिकडच्या ऑफिसला सरळ खरं लिहून पाठवलं. कावेरीचं नाव निघालं. आईवडिलांचा व्हिसा यथावकाश आला. त्यांना विमानतळावर सोडायला गाडी कावेरीनं चालवली. कॅनडासाठी शिकलेलं ड्रायव्हिंग तेवढ्यासाठी उपयोगी पडलं. काकूंनी मला निरोपाचा फोन केला.

तेव्हापासून मी क्लायंटला नियम सांगतो, आणि कार्याला जाण्याआधी गाडीत बसून स्वतःलाही एकदा सांगतो.

परवा कावेरी आणि तिचा नवरा ऑफिसात आले. आईवडिलांना भेटायला जायचं होतं, व्हिजिटर व्हिसा हवा होता. मी सवयीनं हात पुढे केला. तिनं कागद माझ्या हातावरून पलीकडे मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"मॅडम, फाइल तुम्हीच करा," ती म्हणाली. "सरांना आम्ही जेवायला बोलवू. पण त्या दिवशी माइकची वायर काढून ठेवू."