मामांची छठपूजा

दुसऱ्याचं मूल दिसलं की त्याला शाळेत घातल्याशिवाय चैन न पडणारा माणूस अवघ्या मराठवाड्यात एकच असावा, आणि तो मामेसासरे म्हणून माझ्या वाट्याला आला. शेंद्र्याजवळच्या एका गावात मामा जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. कारखाने आले, गावकऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि त्यांची मुलं शहरात इंग्लिश मीडियमला जाऊ लागली. पट इतका घसरला, की शाळा बंद होण्याची वेळ आली. तेवढ्यात कारखान्यांत कामाला बिहारकडची कुटुंबं आली, आणि मामांना पालवी फुटली. आमच्या लग्नात आशीर्वादाला मामा सापडेनात. शोधलं, तर मंडपवाल्याच्या माणसाला सांगत होते, "भैया, बच्ची कू साळंत भेजो, खिचडी लई ब्येस मिलती!"

पण पटावर आलेली ही मुलं दिवाळीनंतरच्या छठपूजेला बिहारला गेली की परतत नसत. मग मामांनी छठच इथं करायची ठरवली. तलावाचा काठ स्वतः झाडला. पूजेच्या संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पालकांबरोबर पाण्यात उतरले आणि कमरेपर्यंत भिजले. सूप कसं धरायचं, मावळत्या सूर्याला अर्घ्य का द्यायचं, हे पोरासारखं विचारत होते. मामींनी उपासाची म्हणून पातेलंभर भगर आणि दाण्याची आमटी केली होती. पण व्रत धरलेल्या बायांचा उपास पाण्याचा थेंबही न घेण्याचा! भगर शेवटी आम्हीच संपवली. पण त्या वर्षी बहुतेक कुटुंबं थांबली, आणि शाळाही टिकली.

परवा जूनमध्ये मी शाळेत बसलो असताना रिंकूला घेऊन तिचे वडील आले. रिंकू म्हणजे त्या छठला थांबलेल्या कुटुंबांतली, मामांची लाडकी, चौथीपर्यंत पहिला नंबर न सोडलेली. वडील कंपनीत सुपरवायझर झाले होते. त्यांना दाखला हवा होता, इंग्लिश मीडियमसाठी. मामांनी सही केली.

"सर, तुमी बी चला की तिकडं," रिंकू म्हणाली. मामा मोठ्यानं हसले.

ती दोघं गेल्यावर मी विचारलं, "मामा, वाईट वाटलं?"

"वाटलं की. पण गावातली समदी ह्येच करत्यात. त्यो बी आता गावातलाच झाला म्हणायचा."

तिच्यामागून बाकीचीही जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मला मामांचा अभिमान वाटला. वर्ग भरायची वेळ झाली होती, तरी ते फाटकाकडेच बघत होते.