भातावरचं तूप

साठीत पुण्याचा संसार सुनेवर सोपवून मी कोल्हापूरला, माझ्या गावी परतले, व्हीगन खानावळ काढली आणि दारावर ठसठशीत फळा लावला: ‘इथे दूध, दही, तूप मिळणार नाही.’ ज्या गावात म्हैस डोळ्यांसमोर पिळून पेला तोंडाला लावतात, तिथे हा शहाणपणा! फळा लावणाऱ्या त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज भेटले तर कान पिळीन.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले. भाकरी, आमटी, खर्डा त्यांनी बोटं चाटत खाल्लं. भात वाढला तसे थांबले.

“तूप?”

“फळ्यावर लिहिलंय की.”

“मग हे काय जेवण म्हणायचं? सुतकातलं?” त्यांनी ताट सरकवलं.

ते सरकवलेलं ताट आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. तूप हा आपला हक्क आहे, हे या पुरुषांना शिकवलं कुणी? आम्हीच! नवी सून असताना मीही तुपाचं भांडं निपटून सासऱ्यांच्या, दिरांच्या भातावर ओतलं, आत जाऊन कोरडी भाकरी खाल्ली आणि वर त्यागमूर्ती म्हणून मिरवले. मूर्ती कसली, धोंडा! पिढ्यान्‌पिढ्या बायका बिनतुपाचं जेवल्या, तेव्हा नाही कुणाला सुतक आठवलं.

गृहस्थ तरातरा बाहेर गेले. त्यांच्या आईने मात्र सावकाश भात संपवला, हात धुतले आणि पदराला पुसत मला म्हणाली, “आमटीत मीठ कमी हाय गं. पर आज पयल्यांदाच माज्या आन् ह्याच्या ताटात सारखं वाढलं बघ कुणीतरी.”