सूचना क्रमांक सतरा

आमच्या कंपनीचा फुटबॉल संघ का हरतो, हे बारामती एमआयडीसीत फक्त मला माहीत होतं. बाकीच्यांना तो हरतो एवढंच माहीत होतं आणि काहींना तेही माहीत नव्हतं. मॅच बघायला येणारी माणसं बहुतेक दुसऱ्याच कामाने आलेली असायची. ट्रॉलीचं पंक्चर निघेपर्यंत वेळ काढायला आलेला एखादा ट्रॅक्टरवाला कुंपणापाशी उभा राहायचा आणि मला विचारायचा, "कोण जितलं?" मी सांगायचो, अजून चालू आहे. "मग आपलं कंच्या रंगाचं?" मी सांगायचो, निळ्या. तो थोडा वेळ निळ्यांकडे बघायचा आणि पंक्चर झालं का बघायला निघून जायचा.

ही गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची. आमची कंपनी दूध डेअऱ्यांना लागणारे प्लास्टिकचे क्रेट बनवायची आणि मी तिथे फिटर होतो. मूळचा मी कोऱ्हाळे बुद्रुकचा, पण आयटीआय खडकीला चुलत्यांकडे राहून केली. चुलत्यांच्या घरात दोन गोष्टी कधी चुकत नसत, सकाळची वंदना आणि रविवारचा फुटबॉल. ते मला मैदानावर न्यायचे आणि सांगायचे, चेंडूकडे बघू नको, चेंडू नसलेल्या माणसाकडे बघ. दोन वर्षं मी चेंडू नसलेल्या माणसांकडे बघितलं. स्वतः मी एकदाच खेळलो आणि त्याबद्दल माझं काही मत नाही. बाकी सगळ्याबद्दल होतं.

कंपनीचे मोठे साहेब कलकत्त्याकडून आलेले. बारामतीत आल्यावर त्यांना सगळं मिळालं, फक्त फुटबॉल मिळाला नाही. मग त्यांनी पंधरा खेळाडू नोकरीला ठेवले. कागदोपत्री ते हेल्पर होते, पण त्यांना पगार खेळण्याचा होता. सकाळी आठला ते आमच्याबरोबर कार्ड पंच करायचे, दोनपर्यंत स्टोअरमध्ये बसून राहायचे आणि दोनला बूट घेऊन सरावाला जायचे. शेजारचा प्लॉट रिकामा होता, तिथे मैदान केलं. गोलचे खांब मी स्वतः पाइप कापून वेल्डिंग केले. एका गोलच्या मागे लगेच ऊस होता. चेंडू त्या बाजूला गेला की दोन खेळाडू उसात शिरायचे आणि हात खरचटून घेऊन दहा मिनिटांनी बाहेर यायचे. बाकीचे तोवर बसून घ्यायचे. पुण्याच्या लीगमध्ये आम्ही सगळ्यात खालच्या विभागात होतो. त्याच्याखाली आणखी एक विभाग असता तर तिथेही जागा मिळवली असती.

या संघाचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा गडी, इंदापूरकडचा होता. वय चौतीस. संघात सगळ्यात मोठा म्हणून पोरं त्यांना तात्या म्हणायची, आणि त्यांच्यामुळे आम्हीही. उंच माणूस, बोलणं कमी, डोक्याने चेंडू असा मारायचे की कुंपणापाशी उभ्या असलेल्याला आवाज यायचा. इंदापूरला घरचा थोडा ऊस होता, तो भाऊ बघायचा. तात्या एमआयडीसीजवळ खोली करून राहायचे आणि सुट्टीला मोटारसायकलवरून गावी जायचे. सकाळी गेटसमोरच्या टपरीवर आम्ही बरोबर चहा प्यायचो. मी आदल्या मॅचमधल्या चुका सांगायचो. ते बशीत चहा ओतत म्हणायचे, "व्हय." एवढंच. मला वाटायचं, यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही.

पण त्यांची एक गोष्ट मी बघून ठेवली होती. ते डावीकडे वळायचे तेव्हा आधी एक पाऊल जास्त टाकायचे. डावा गुडघा. उजवीकडे वळताना काही नाही, डावीकडे एक पाऊल जास्त. त्या एका पावलात समोरचा फॉरवर्ड निघून जायचा आणि गोल व्हायचा. लोक गोलकीपरला शिव्या द्यायचे. मी कुंपणापाशी उभा राहून म्हणायचो, गोलकीपरचं काही नाही, दुखणं दुसरीकडे आहे.

त्याच साली कंपनीत एक मोठं सर्टिफिकेट मिळवायचं चाललं होतं. त्यासाठी भिंतीवर पाट्या लागल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला आणि टाइम ऑफिसच्या बाहेर एक सूचना पेटी लागली. पेटीच्या वर काचेच्या कपाटात लाल रंगाचा एक थर्मास ठेवला होता. ज्याची सूचना अमलात येईल त्याला तो मिळणार होता. फॉर्मवर तीन चौकटी होत्या. सद्यस्थिती, सुचवलेली सुधारणा, अपेक्षित फायदा. खाली लिहिलं होतं की सूचकाचं नाव गुप्त राहील. लोकांनी कॅन्टीनचा चहा पातळ आहे, सायकल स्टँडवर पत्रे टाका, असं लिहिलं. मी संघाची नव्याने बांधणी कशी करावी ते लिहिलं आणि फॉर्मला चार फुलस्केप कागद टाचले.

आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी मोठ्या गंभीरपणे बसलो होतो. सहा मुद्दे होते. दुपारी दोनच्या उन्हात सराव घेऊ नये, चारला घ्यावा. सरावाआधी खेळाडूंना कॅन्टीनचं पोटभर जेवण देऊ नये. उसाच्या बाजूला जाळी लावावी. कोच म्हणून जे पर्सोनेल ऑफिसर शिट्टी घेऊन उभे राहतात ते खो-खोचे खेळाडू आहेत, त्यांच्या जागी माहीतगार माणूस आणावा. खडकीतून दोन तरुण पोरं घ्यावीत, त्यांचा पत्ता मी देऊ शकतो. आणि या सगळ्यांच्या वर, पहिला मुद्दा. तो मी फॉर्मच्या चौकटीतच बसवला होता. सद्यस्थिती: बचावात जुना खोडवा आहे, स्टॉपर डावीकडे वळत नाही. सुधारणा: खोडवा मोडून नवी लागण करावी. अपेक्षित फायदा: गोल कमी होतील.

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, आणि लागण म्हणजे नव्याने लावलेला ऊस. आमच्या भागात खोडवा किती वर्षं ठेवायचा यावर भावाभावांत भांडणं होतात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. ते लिहिताना तात्या माझ्या डोळ्यांपुढे नव्हते, फक्त स्टॉपर होता.

पेटीतलं कोणी वाचत नाही, असा माझा अंदाज होता. तो बरोबरही होता. पण सर्टिफिकेटवाले तपासणीला यायच्या आठवडाभर आधी वरच्यांना कळलं की एक तरी सूचना अमलात आणल्याचा पुरावा दाखवावा लागतो. त्यांनी पेटी उघडली. पत्र्यांना खर्च होता, चहाला खर्च होता, जाळीला खर्च होता. बिनखर्चाचा मुद्दा सगळ्या पेटीत एकच निघाला. सोमवारी नोटीस बोर्डावर कागद लागला: सूचना क्रमांक सतरा, मुद्दा पहिला, अमलात. खाली माझी तिन्ही वाक्यं टाइप केलेली होती, खोडव्यासकट. सूचकाचं नाव गुप्त.

थर्मास शिपायाने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि माझ्या टूलबॉक्सवर ठेवला. वर्तमानपत्र अपुरं पडलं होतं, त्यामुळे लाल झाकण वर दिसत होतं. मी तो पिशवीत घालून घरी नेला आणि कपाटावर ठेवला. बायको म्हणाली, चांगला आहे की, वापरा. मी म्हणालो, राहू दे. तिने दोनतीनदा विचारलं, मग सोडून दिलं.

तात्यांना संघातून काढलं आणि हेल्परचं काम खरोखर करायला लावलं. कुठे, तर आमच्याच शेडमध्ये, तीन नंबरच्या मोल्डिंग मशीनवर. साच्यातून गरम क्रेट बाहेर पडायचा, त्याच्या कडेला राहिलेलं जास्तीचं प्लास्टिक ब्लेडने तासायचं आणि क्रेट डावीकडे रचायचा. आठ तास उभं राहून. डावीकडे वळून. मशीन बंद पडली की मी जायचो आणि ती मशीन सारखी बंद पडायची, म्हणून दिवसातून चारपाच वेळा मला ते बघावं लागायचं. क्रेट उचलायचा, एक पाऊल जास्त टाकायचं, वळायचं, ठेवायचा.

पहिले काही दिवस ते बुटांची पिशवी घेऊन कामावर यायचे. सवयीने आणत असतील. दोन वाजता बाकीचे चौदा जण शेडसमोरून सरावाला जायचे, तेव्हा ते मान वर करायचे नाहीत. नंतर पिशवी आणायचं बंद झालं. मला लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला. मी घरात चिडचिड करायचो आणि टपरीवर चहाला जायचं टाळायचो, काहीतरी काम काढून आतच थांबायचो.

संघाचं सांगायचं तर नव्या लागणीने पहिल्याच मॅचमध्ये सहा गोल खाल्ले. नवा स्टॉपर दोन्हीकडे झकास वळायचा, फक्त कुठे वळायचं ते त्याला कळत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आधीच्या मॅचमध्ये जे गोल झाले नव्हते, ते मी कधी मोजलेच नव्हते. चुलत्यांनी सांगितलेली साधी गोष्ट मी विसरलो होतो. मी पुन्हा फॉर्म भरला. सद्यस्थिती: संघाला कोच नाही. सुधारणा: जुन्या स्टॉपरना कोच करावं. त्याला उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे. मग आणखी एक भरला, की तीन नंबर मशीनवर बसायला स्टूल द्यावं. त्याला उत्तर आलं नाही, कारण तोवर सर्टिफिकेट मिळालं होतं आणि पेटीची किल्ली हरवली होती.

शेवटी मी भंगारातल्या पाइपचं स्टूल स्वतः केलं. उंची तात्यांच्या मापाची, आणि बसल्या बसल्या वळता यावं म्हणून वरची बैठक फिरती. एका सकाळी शिफ्टच्या आधी ते तीन नंबरपाशी नेऊन ठेवलं. सुपरवायझरने बघितलं आणि दुसरीकडे निघून गेला. तात्या आले, स्टुलाला हात लावून बैठक फिरवून बघितली. डावीकडे, उजवीकडे. मग बसले आणि कामाला लागले.

दुपारी डबा खायला सगळे कॅन्टीनला गेले. मी तीन नंबरच्या हायड्रॉलिकची गळती बघत होतो. तात्या स्टुलावरच बसून राहिले होते. टपरीवरून आणलेला चहा ग्लासात तसाच होता.

"फिटर," ते म्हणाले, "तो लाल थर्मास घरी कशाला ठिवलाय? आणत जावा की. हितं माझा चा गार हुतोय."

मी पाना खाली ठेवला. मी विचारलं, "कधी कळलं?"

"कागद लागला त्याच दिवशी. डावीकडं वळताना माझं एक पाऊल जास्ती पडतंय, ह्ये माझ्या बायकुलाबी ठावं न्हवतं. तुमच्याबिगर बघतंय कोण हितं?"

ते आपले शांतपणे माझे मुद्दे सांगत बसले, टपरीवर मी त्यांच्या चुका सांगायचो तसे. जाळीचं बरोबर होतं. उन्हाचं बरोबर होतं. बोर्डावर एकच मुद्दा लागला होता, पण बाकीचे पाच त्यांनी पर्सोनेल ऑफिसरकडून मागून वाचले होते. खडकीची पोरं आणू नका म्हणाले, पोरांचं नुकसान होईल.

"आन् पयला मुद्दाबी बराबर हुता," ते म्हणाले. "गुडगा गेलाय, मला काय कळत न्हाय व्हय? हा हंगाम झाला की मी सोताच साहेबांस्नी सांगणार हुतो. पोरांस्नी शिकवतो म्हणणार हुतो."

मशीनच्या आवाजात मला ते नीट ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, पण मशीन बंद होती.

"रोज संगं चा पीत हुतो की आपुन, फिटर. पेटीत टाकायच्या आधी मला सांगायचं. मी व्हयच म्हणालो असतो."

दुसऱ्या दिवशी मी थर्मास नेला. बायकोने घरातूनच चहा भरून दिला होता, साखर जास्त. तात्यांनी झाकणात चहा ओतून पहिला घोट घेतला, झाकण माझ्याकडे दिलं आणि क्रेट उचलायला वळले.