चार इंच जास्तीची बाही

चाकणच्या ज्या कंपनीत अंजली साबळे गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायची, तिथं लाइनवर ऐंशी बायका होत्या, आणि ऐंशीच्या ऐंशी जणी पुरुषांच्या मापाचे कपडे घालून उभ्या असायच्या. गणवेशात तीन मापं यायची. त्यातलं सगळ्यात लहान मापसुद्धा कुठल्यातरी बारीक पुरुषाचंच. खांद्याची शिवण दंडावर उतरायची, पँट कमरेला नाडीनं आवळावी लागायची आणि बाह्या पार बोटांपर्यंत यायच्या. तक्रार केली की इन्चार्जचं उत्तर ठरलेलं, "दुमडून घ्या की!"

नऊ वर्षं अंजलीनं दुमडून घेतल्या. लग्न मोडून ती माहेरी आली तेव्हापासून ही नोकरीच तिचा आधार होती.

मग एका सकाळी शेजारी उभ्या असलेल्या संस्कृती नावाच्या पोरीची दुमडलेली बाही सुटली आणि सरकत्या पट्ट्याच्या रोलरमध्ये ओढली गेली. संस्कृती खेडकडच्या गावातली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "ताई!" एवढंच ती किंचाळली. अंजलीनं लाल बटणावर हात आपटला आणि लाइन जागेवर थांबली. मनगटाला सात टाके पडले, पण हात वाचला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शेवाळेसाहेबांनी अंजलीला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला. साक्षीदार म्हणून सही हवी होती. कामगाराच्या निष्काळजीपणामुळं अपघात झाला, असा मजकूर होता. अंजलीनं तो दोनदा वाचला, पेन उचललं आणि सहीच्या वर लिहिलं, 'बाही चार इंच लांब होती.'

"हे काय लिहिलंत?"

"जे पाहिलं ते."

"अहो, खुद्द संस्कृतीनं सही केलीय. तिला काही म्हणायचं नाही, मग तुम्हाला काय पडलंय?"

संस्कृतीनं खरंच सही केली होती. तिला नोकरी टिकवायची होती. त्याबद्दल अंजलीनं तिला कधी एका शब्दानं विचारलं नाही, पण त्यानंतर संस्कृतीच तिच्या नजरेला नजर देईनाशी झाली.

शेवाळ्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा काढून दिला. अंजलीनं त्यावरही तेच लिहिलं.

त्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, पिंपरीतल्या तिच्या घरी लाइनवरच्या सोळा जणींचे शर्ट येऊन पडले. तिची आई भिमाबाई आयुष्यभर घरी ब्लाउज शिवत आलेली. तिच्या पायमशीनवर मायलेकींनी सोळाच्या सोळा शर्टांच्या बाह्या आखूड केल्या, खांदे आत घेतले. शुक्रवारी सोळा जणी लाइनवर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची मनगटं पहिल्यांदा मोकळी दिसली.

शनिवारी मेमो आला. कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केलंत, लेखी माफी मागा, नाहीतर कारवाई होईल.

"माफी कुणाची मागू?" अंजलीनं विचारलं. "शर्टाची?"

मेमोच्या पाठकोऱ्या बाजूवरच तिनं राजीनामा लिहिला आणि शेवाळ्यांच्या टेबलावर ठेवला.

खरी लढाई घरी व्हायची होती. तिचे वडील ज्ञानदेव एकतीस वर्षं आकुर्डीकडच्या कारखान्यात फिटर होते. पर्मनंट नोकरी म्हणजे त्यांच्या लेखी मिळवलेलं राज्य.

"लोक त्या पर्मनंटच्या कागदासाठी कॉन्ट्रॅक्टवर झिजून जातात, आणि तू बाह्यांपायी लाथ मारून आलीस?"

"बाह्यांपायी नाही बाबा. खोटं लिहायला सांगितलं म्हणून."

"माझा बाप गावात मेलेली ढोरं ओढायचा, अंजे! मला कंपनीनं माणूस केलं. कळतंय का तुला?"

"कंपनीनं नाही केलं. गावकीचं काम करणार नाही म्हणालात आणि सतराव्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालात, तेव्हा झालात. त्या दिवशी कुणाची परवानगी घेतली होती तुम्ही?"

ज्ञानदेव पायात चप्पल सरकवून बाहेर निघून गेले. पुढं महिनाभर ते लेकीशी अडल्यापुरतंच बोलले. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचे, "सध्या घरीच असते ती."

ती घरी नव्हतीच. फंडाचे पैसे काढून तिनं जवळच्या खराळवाडीत एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात दोन पॉवर मशीन आणि कापडाच्या कडा बांधणारं, हप्त्यानं घेतलेलं एक ओव्हरलॉक मांडलं होतं. पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून जाड कापड आणून तिनं कारखान्यातल्या बाईचा गणवेश स्वतः बेतला. बाही मनगटाला बंद होणारी, कमरेला मापात घेर, वाकलं तरी वर सरकणार नाही असा शर्ट, आणि पँटला दोन खोल खिसे.

तो नमुना पिशवीत घालून ती कंपन्यांच्या गेटवर जाऊ लागली. गेटवरच विचारणा व्हायची, "कुणाकडं काम आहे? अपॉइंटमेंट आहे?" आत कुणी घेईना. तेव्हा तिनं गेटचा नाद सोडला आणि शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीशेजारी गळ्यात टेप अडकवून उभी राहिली. बस सुटायला दहा मिनिटं असायची, तेवढ्यात ती मापं घ्यायची. बायका स्वतःचे गणवेश मापात करून घ्यायला देऊ लागल्या.

एके दिवशी एक वॉचमन काठी घेऊन आला. "बाई, इथं धंदा नाय करायचा. साहेबांची ऑर्डर हाय."

अंजली रस्ता ओलांडून पलीकडं गेली आणि तिथं उभी राहिली. "साहेबांना सांगा, रस्ता कंपनीचा नाही." त्या दिवशी बायका रस्ता ओलांडून तिच्याकडं आल्या. तानाबाई नावाची एक वयस्क सफाई कामगार तर वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं बी माप घे गं पोरी. आमी काय पोत्यातच मरायचं व्हय?"

पाच महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला. तिथली सेफ्टी ऑफिसर मिनल हिनं आपल्या कामगारांच्या अंगावर अंजलीचं काम पाहिलं होतं. एकशे चाळीस बायकांचे गणवेश करायचे होते. खरेदी खात्यातल्या माणसानं नमुना उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे. फक्त खिसे काढा. बायका मोबाइल ठेवतात त्यात."

"पुरुषांच्या पँटला चार खिसे आहेत, साहेब. ते काय त्यात लाडू ठेवतात?"

मिनल हसू दाबत खाली बघू लागली. तो माणूस काही हसला नाही. "ऑर्डर हवीय ना तुम्हाला?"

"हवीय. पण खिशाशिवाय शिवणार नाही."

तिनं नमुन्याची घडी घातली, पिशवीत टाकली आणि चालू लागली. ती बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. ओव्हरलॉकचे हप्ते थकले होते, भिमाबाईंचे डोळे काज करून करून लाल झाले होते, आणि आपण नेमकं काय करून बसलो ते तिला चांगलं कळत होतं. तरी ती परत फिरली नाही.

तीन आठवडे काहीच झालं नाही. मग मिनलचा फोन आला. एकशे चाळीस नाही, आधी सत्तरच, पण खिशांसकट.

आज त्या दुकानात सहा मशीन आहेत आणि सात बायका. काम कायम असतंच असं नाही. गेल्या वर्षी दोन महिने एकही ऑर्डर नव्हती, तेव्हा त्यांनी शाळेच्या पोरींचे फ्रॉक शिवून दिवस काढले. ज्ञानदेव सकाळी येऊन मशीनांना तेल देतात. लेकीनं केलं ते बरोबर, असं मात्र त्यांनी अजून म्हटलेलं नाही, आणि अंजलीही विचारायला गेलेली नाही.

परवा गणवेशांचा एक मोठा पुरवठादार गाडीतून उतरून दुकानात आला. वर्षभराचं काम देतो म्हणाला, माल तुम्ही शिवायचा, लेबल आमचं.

अंजलीनं टेप गळ्यातून काढलीसुद्धा नाही. "लेबल माझं असेल तर बसा, चहा घ्या. नसेल तर चहा घ्या आणि निघा."

तो चहा पिऊन निघाला.