मुफूचे पाय कुणी बांधले

मुफुताऊ रांगत होता तेव्हाच त्याची जन्मदाती गेली. बापाने मग सिदिकातशी लग्न केलं. सिदिकातला स्वतःचं मूल झालं नाही. आणि लागोसच्या मुशिन वस्तीत बाई ओळखली जाते ती अमक्याची आई म्हणून; जिला मूल नाही तिला धड नावही नसतं. सिदिकातला ते नाव मुफूने मिळवून दिलं. सारा बाजार तिला 'इया मुफू' म्हणायचा, मुफूची आई. मिरच्या विकणाऱ्या बायका, बसचे कंडक्टर, मशिदीतले म्हातारे, सगळेच. 'सावत्र' हा शब्द त्या गल्लीत कुणी काढला असता तर तिने पळीने त्याचं तोंड फोडलं असतं.

मोटार पार्कच्या, म्हणजे बसतळाच्या, कुंपणाला लागून तिची खानावळ होती. चार बाकडी आणि वर गंजका पत्रा. पण तिचा आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाची ती काळसर उकड, खाण्यासाठी ड्रायव्हर दुसऱ्या पार्कातून गाड्या वळवून यायचे. वर एवेदूची बुळबुळीत पालेभाजी आणि मिरचीचा लालभडक रस्सा. मुफूचा बाप एका अपघातात गेला, त्यानंतर घर चाललं ते त्याच पातेल्यांवर. मुफूचे खांदे रुंद झाले तेही त्याच पातेल्यांवर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळ्यांना त्याचा विसर पडला.

बाजारामागे, पुलाच्या सावलीत कोच लामिदीचा बॉक्सिंगचा आखाडा होता. लामिदी एका डोळ्याने अधू, तोंडाने फाटका आणि शिकवण्यात देवमाणूस. मुफू हडकुळा, पण हात असा चालायचा की समोरच्याला मार कुठून आला ते पडल्यावर कळायचं. लामिदीने त्याला हलक्या वजनाच्या गटात घातलं. एकसष्ट किलो आणि वर चिमूटभर, एवढीच मर्यादा. मुफू आधी राज्याच्या संघात गेला, मग पैसे घेऊन लढू लागला आणि सत्ताविसाव्या वर्षी देशाचा पट्टा कमरेला बांधून मुशिनमध्ये आला. त्या दिवशी गल्लीत नवे काका-मामा उगवले. एका बसवाल्याने गाडीच्या मागे त्याचं चित्र रंगवून घेतलं. नाक चुकलं होतं, पण मूठ बरोबर होती.

प्रत्येक लढतीआधी इया मुफू अन्नदान करायची. मोठ्या पातेल्यात शिजवायचं, शेजारीपाजारी बोलवायचे, मौलवीने दुवा मागायची, आणि ज्याच्यासाठी दुवा त्याने पहिला घास तिच्या हातून घ्यायचा. मग बाकीच्यांनी जेवायचं. मुफू हसत हसत तोंड उघडायचा, बायका टाळ्या वाजवायच्या, आणि कुणीतरी ओरडायचं, "अगं, घोडा झालाय तो, आता तरी स्वतःच्या हाताने खाऊ दे!"

तिशी ओलांडली तशी मुफूच्या शरीराने हट्ट धरला. एकसष्टवर ते उतरेचना. नेमकं त्याच वर्षी चीफ ओडुन्तानने त्याच्यासाठी पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्याची लढत ठरवली. समोर घानातल्या आक्राचा क्वाबेना. चीफ लढती भरवायचा. त्याचे कपडे पांढरेशुभ्र आणि शब्द साखरेत घोळलेले. "हा पट्टा आण," तो म्हणाला, "पुढची लढत लंडनला." मुफूने ते खरं धरलं. आपण सगळ्यांनीच धरलं.

लढत शनिवारी होती आणि वजन शुक्रवारी. गुरुवारी सकाळी लामिदीने त्याला काट्यावर उभं केलं आणि कपाळाला हात लावला. दीड किलो जास्त होतं. बुधवारपासून पाण्याचा थेंब नाही, अंगावर प्लॅस्टिकचा कोट, भर दुपारी काचा लावलेल्या बसमध्ये बसवून ठेवलेलं. थुंकायला सांगितलं तर थुंकीही येईना.

"कुणाला बोलायचं नाही," लामिदी दबक्या आवाजात म्हणाला. "क्वाबेनाच्या माणसांना कळलं, तर पहिल्या घंटेपासून तो तुझ्या पोटावर तुटून पडेल. चीफला कळलं, तर तुझ्या जागी दुसरा उभा करेल."

"आणि घरी?"

"घरी तर मुळीच नाही. अर्धं मुशिन तुझ्या आईकडे जेवतं रे बाबा. तिथे पडलेली गोष्ट डाळीआधी शिजते."

दुपारी अन्नदान होतं. अंगणात चाळीस-पन्नास माणसं, मौलवी, आणि सगळ्यांत पुढे शेजारीण इया रामोता, जिची स्वतःची खानावळ कोपऱ्यावर माश्या मारत असे. दुवा झाली. इया मुफूने उकडीचा लहानसा गोळा रश्शात बुडवला आणि हात पुढे केला.

मुफूने मान वळवली.

"घे रे," ती हसून म्हणाली. "बोराएवढाच आहे."

"नको."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले. आपल्या लोकांत 'नको' हा शब्द भूक नसताना वेगळा असतो आणि चारचौघांत घरच्या बाईच्या हातचं नाकारताना वेगळा असतो. दुसऱ्याचा अर्थ एकच होतो: ह्यात विष किंवा करणी आहे. हे मुफूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कालपासूनच्या तहानेने त्याची अक्कलही सुकली होती. त्याला एवढंच वाटलं, की हा घास जिभेवर आला तर आपण पातेल्यात तोंड घालू आणि रांजण संपवल्याशिवाय थांबणार नाही.

इया मुफूचं हसू ओठांवर तसंच राहिलं. तिने तो घास सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा गोळा केला आणि पुन्हा हात पुढे केला.

"नको म्हणालो ना!" मुफू ओरडला आणि उठून गेला.

त्या दिवशी त्या पातेल्यातलं कुणी जेवलं नाही. कुणाला अचानक दुकान आठवलं, कुणाचं पोट दुखायला लागलं. इया रामोता जाता जाता बोललीच, "पोटचं नाही ते नाहीच शेवटी. पोरालाच माहीत त्याने काय पाहिलं असेल ते."

शुक्रवारी मुफू काट्यावर बरोबर उतरला. मग पोटभर पाणी प्यायला, पण दोन दिवस सुकवलेलं अंग एका रात्रीत भरत नाही. शनिवारी पाच फेऱ्या तो जुना मुफू होता आणि क्वाबेनाच्या भुवईतून रक्त येत होतं. सहाव्या फेरीत पायांत गोळे आले. सातव्यात गुडघे त्याचं ऐकेनात. आठव्या फेरीत एक मार बसला, त्याच्या मानाने काहीच नव्हता तो, आणि मुफू बसला तो उठलाच नाही. लामिदीने त्याच्या तोंडात पाणी ओतलं, आणि मुफू लहान मुलासारखा बाटली धरून चोखत राहिला.

चीफ कपडे बदलायच्या खोलीत आला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बिनसाखरेचा होता. "संपलास काय रे? शरीर संपलं असेल तर तसं सांग. मी म्हाताऱ्या बैलावर पैसा लावत नाही. पण काही वेगळं असेल, तर पुन्हा लढत लावता येईल."

बाहेर रेडिओवाला उभा होता. सगळं लागोस ऐकत होतं. त्याने विचारलं, "मुफुताऊ, पायांना काय झालं?"

मुफू सांगू शकला असता, की मी दोन दिवस पाणी प्यालो नव्हतो. एवढं एक वाक्य. पण त्या वाक्यानंतर लंडन नव्हतं. तो म्हणाला, "करणी करून माझे पाय बांधले होते. कुणी बांधले ते मला माहीत आहे. बाहेरच्याने नाही बांधले, घरचंच आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सगळ्यांनाच येते. पण अंगण म्हणून आईला पुढे करणारा मी दुसरा पाहिला नाही.

सोमवारी खानावळीत कुणी आलं नाही. मंगळवारी एक परगावचा ड्रायव्हर बसला होता. त्याच्या कानात कुणी काहीतरी सांगितलं आणि तो ताट तसंच टाकून उठला. गल्लीतल्या बायका पोरांना तिच्या दारावरून जाऊ देईनात. नवराही हिनेच खाल्ला, असं आता सगळ्यांना आठवायला लागलं. स्वतःचं मूल का झालं नाही, त्याचाही उलगडा झाला म्हणे: पोटातली मुलं आतल्या आत खाते ती. 'इया मुफू' हे नाव तर एका रात्रीत पुसलं गेलं. समोरून 'ए बाई', आणि मागून चेटकीण.

तिने भांडण केलं नाही, की छाती बडवली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ती फक्त एकदा मुफूच्या खोलीच्या दाराशी आली.

"तू त्यांना एकदा सांग," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."

"लढत होऊ दे पुन्हा," मुफू भिंतीकडे बघत म्हणाला. "जिंकलो की सगळं आपोआप विसरतील."

तिने पातेली विकली. घेतली कुणी, तर इया रामोताने. चेटकिणीची भांडी तिला बरी चालली. मग सिदिकात इसेयीनला, माहेरगावी भावांच्या घरी निघून गेली. मुफू तिला पार्कात सोडायलाही गेला नाही, कारण लोक बघतील.

पुन्हा लढत लागली. मुफू काट्यावर चढला आणि एकसष्टला उतरला नाही. लढतच झाली नाही. चीफने मागे वळूनही पाहिलं नाही आणि दुसऱ्या आठवड्यात नव्या पोराला लंडनची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यानंतर मुफू वरच्या गटात लढला, अंगाने दांडग्या पोरांचा मार खाऊन त्यांना मोठं करायला. ज्यांना हरायला माणूस लागतो ते त्याला बोलवायचे. डावा कान गेला. एके दिवशी लामिदीनेच त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडल्या आणि म्हणाला, "बस झालं. आता तरी जा आईकडे."

मुफू गेला. इसेयीनच्या टोकाला ती कंदाच्या फोडी खडकावर वाळत घालत होती. पीठ करून ती व्यापाऱ्याला विकायची. पीठ लांबच्या बाजाराला जायचं, कुणाच्या हातचं ते तिथे कुणी विचारत नसे. शिजवलेलं काही ती विकत नव्हती. मुफू तिच्यासमोर मातीत दंडवत घालावं तसा सपशेल पालथा पडला.

"ऊठ," ती म्हणाली. "फोडींवर धूळ उडते."

"इया, माझं वजन जास्त होतं. पाय कुणी बांधले नव्हते. अंगातलं पाणी आटलं होतं, म्हणून..."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. मी तुला एवढ्याचा एवढा केलाय रे, तू सुकलेला मला कळणार नाही? म्हणून तर घास बोराएवढा केला होता. नुसता ओठांना लावून टाकून दिला असतास तरी चाललं असतं. मी काय तुला गिळायला सांगत होते? लोक बघत होते मुफुताऊ. ते बसले होते बघायला."

मुफू उठून बसला आणि म्हणाला, "मी सगळ्यांना खरं सांगतो."

"मग सांग. रेडिओवर बोलला होतास ना, तिथेच सांग."

"रेडिओवाले आता मला बोलवत नाहीत, इया."

तिने मान डोलावली, आणि फोडी उलटायला लागली. ऊन चढलं. मुफू पहाटेचा निघालेला, पोटात काही नव्हतं. घरातून रश्शाचा वास येत होता. शेवटी लाज सोडून तो म्हणाला, "इया, भूक लागलीय. काहीही चालेल, कालचं असलं तरी."

सिदिकातने हात पुसले आणि भावाच्या सुनेला हाक मारली. "कोपऱ्यावरच्या दुकानातून एक बिस्किटचा पुडा आण, आणि पाण्याची बाटली. बंद बघून आण हं, झाकण नीट बघ."

सून आली तेव्हा सिदिकातने त्या वस्तूंना हातसुद्धा लावला नाही. बोटाने मुफूकडे दाखवलं.

"त्याच्याच हातात दे," ती म्हणाली. "आणि तू फोडू नकोस. त्याचं तो फोडेल."