मजीदभाईंचा दुसरा ब्रेक

भिवंडीत गाडी शिकायची तर माणसाने आधी भांडायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मजीदभाईंचं मत वेगळं होतं. पहिल्या दिवशी मी ऐटीत ड्रायव्हरच्या सीटवर बसायला निघाले, तर ते म्हणाले, "बाई, आधी चपला काढा."

मला वाटलं, गाडी खराब होईल म्हणून सांगताहेत. बारा वर्षांची गाडी, तिच्या दारांना पोपडे आलेले, आणि हे चपला काढायला सांगतात! पण त्यांनी स्वतःचेही सँडल काढले होते. "पायाला पेडल कळलं पाहिजे," ते म्हणाले. "बूट घालून शिकलेला माणूस जन्मभर बुटालाच विचारतो, ब्रेक कुठं हाय म्हणून." मागच्या सीटखाली प्लास्टिकचा एक ट्रे होता. शिकणाऱ्याने आपल्या चपला त्यात ठेवायच्या. पुढे काही म्हणजे काही सैल ठेवायचं नाही, पर्स नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

निजामपुऱ्यात त्यांचा हा एका गाडीचा आणि एका मास्तराचा क्लास. त्याआधी त्याच गल्लीत त्यांचे आठ लूम होते, कापड विणायचे यंत्रमाग, वडिलांच्या वेळचे. धंदा बसला, लूम भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचलले, आणि त्या पैशांतून मजीदभाईंनी ही गाडी घेतली. डाव्या बाजूला, म्हणजे मास्तरच्या पायाशी, दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला. ब्रेक तारेने आमच्या ब्रेकला जोडलेला. आम्ही चुकलो की त्यांनी दाबायचा. "लूमवर धागा तुटला की माझा हात बघायच्या आधी जायचा," ते सांगायचे. "आता पाय जातो. एवढाच फरक." अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालून निम्मी भिवंडी शिकून गेली आणि गाडीला साधा ओरखडाही आला नाही, हे मी इतरांकडून ऐकलं होतं. स्वतःबद्दल बढाया मारणाऱ्यांतले ते नव्हते.

त्यांची एक अट मात्र ते स्वतः सांगायचे, फी घ्यायच्या आधी. "गाडी कुठं लागली तर खर्च माझा. तुमचा एक रुपया न्हाय. कारण दोन ब्रेक हायेत, आणि दुसरा माझ्या पायाखाली हाय. लागली म्हणजे मी झोपलो होतो." माझा नवरा सुश्रुत बँकेत आहे, त्याला हे फार आवडलं. इतर क्लासवाले शिकणाऱ्याकडून आधीच डिपॉझिट घेतात म्हणे. हा माणूस सरळ आहे, असं म्हणून त्याने एकवीस दिवसांची फी एकरकमी भरली.

मला गाडी हवी होती ती आईसाठी. आई दिघाशीला एकटी राहते, संध्याकाळनंतर तिकडे जायला रिक्षा मिळत नाही, आणि सुश्रुतला सासुरवाडीचा रस्ता फक्त दिवाळीत आठवतो. तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी मी, शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं दाखले लिहिलेली रुचिरा, अनवाणी पायांनी क्लच शोधू लागले.

मजीदभाई चिडत नसत. मी तिसऱ्या गिअरऐवजी पहिला टाकला, गाडी खोकली, तरी ते म्हणायचे, "होतं, होतं." एकदा, आठव्या की नवव्या दिवशी, ते उतरून सँडल घालताना मला दिसलं की त्यांच्या तळव्यात काचेचा बारीक तुकडा रुतलाय आणि रक्त येतंय. त्यांना पत्ताच नव्हता. मी ओरडले. त्यांनी तो उपटून काढला आणि जरा ओशाळून म्हणाले, "शुगर हाय ना, बाई. खालचं जरा कमी कळतं." मग लगेच, "ब्रेक कळतो. ब्रेकची काळजी नको." डॉक्टरने अनवाणी फिरायला सक्त मनाई केली होती. फक्त गाडीत ते ऐकत नसत. सँडलमधून ब्रेक कळणार नाही, याची त्यांना भीती होती. हे मला तेव्हा समजलं नाही.

तेराव्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता. मी नव्या चपला घातल्या होत्या, जाड टाचेच्या, कोल्हापूरला गेलेल्या मृणालीला मुद्दाम सांगून मागवलेल्या. मृणाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि अख्ख्या शाळेच्या खरेद्या तिच्या डोक्यावर असतात. मजीदभाई पलीकडे वाकून चाकाची हवा बघत होते. मी मागचं दार उघडलं. ट्रेमध्ये आदल्या कुणाच्या तरी चपलांचा चिखल वाळून पडलेला. त्यात माझ्या नव्या चपला ठेवायला जीव होईना. मी पुढचं डावं दार उघडलं, त्यांच्या सीटखाली स्वच्छ रबरी मॅट होती, तिच्यावर चपला आत सरकवल्या, आणि अनवाणी वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसले. इतकंच केलं मी. याला कुणी गुन्हा म्हणेल?

कामतघरच्या रस्त्याला एक गतिरोधक आहे. मी जरा जोरातच ब्रेक मारला, गाडीला हिसका बसला. मजीदभाई म्हणाले, "हळू." पुढे शंभरेक पावलांवर डाव्या अंगाला एक टेम्पो उभा होता. त्यात सुताचे बीम लादलेले, म्हणजे लूमवर चढवायचे ते जाड लोखंडी रूळ, आणि एका रुळाचं तोंड मागच्या फाळक्याबाहेर आलेलं. समोरून एक बाईकवाला अंगावर आला. मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला.

"ब्रेक!" मजीदभाई ओरडले. त्यांचा पाय गेलेला मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला. त्यांचं सगळं अंग सीटमधून वर उचललं गेलं, इतक्या जोराने त्यांनी दाबला. गाडी थांबली नाही. रूळ बोनेटमधून आत घुसला, काच फुटली, आणि रेडिएटरमधून वाफ यायला लागली.

आम्हाला दोघांनाही काही झालं नाही. क्षणात माणसं जमली. टेम्पोवाला शिव्या देत आला. मजीदभाई दार ढकलून तसेच अनवाणी, काचांवरून उतरले. मी चपला शोधायला वाकले. एक सीटच्या तोंडाशी आलेली होती. दुसरी त्यांच्या ब्रेकखाली होती. पेडल आणि गाडीच्या तळाच्या मध्ये टाच पाचरीसारखी बसली होती. मला ती दोन हातांनी ओढून काढावी लागली.

मी ती पायात घातली आणि खाली उतरले.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमच्याकडे ब्रेक होता ना?" मजीदभाई आपल्या पायाकडे बघत होते. "पाय चुकला," ते म्हणाले. "पेडलवर गेलाच न्हाय. जमिनीवरच दाबत बसलो मी." आणि मग माझ्याकडे वळून, माणसांदेखत, "बाईंचा काही दोष न्हाय. बाईंना पाणी द्या कुणीतरी."

त्या वेळी तोंड उघडायचं होतं. मी पाणी प्यायले.

सुश्रुत बँकेतून आला तो तापूनच. मजीदभाईंच्या गाडीचा विमा फक्त समोरच्याच्या नुकसानीचा होता, म्हणजे टेम्पोचं भागणार होतं, यांचं नाही. पण सुश्रुत तेवढ्यावर थांबला नाही. "दुसरा ब्रेक शोभेला लावलाय का? पायात जीव नाही तर लोकांच्या बायकांना रस्त्यावर कशाला आणता?" मजीदभाईंनी मान खाली घातली. मी सुश्रुतचा दंड धरून "जाऊ दे, जाऊ दे" करत होते, आणि मनातून मला बरं वाटत होतं, हे आज लिहायला लाज वाटते. तिसऱ्या दिवशी मजीदभाई स्वतः आमच्या दारात आले. उरलेल्या आठ दिवसांचे फीचे पैसे एका पाकिटात होते. मी ते घेतले.

पुढचं शहरानेच केलं. शुगरवाल्या मास्तरचा पाय लागत नाही, ही बातमी निजामपुऱ्यातून निघून आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये यायला आठवडा लागला नाही. मजीदभाईंनी कर्ज काढून गाडी दुरुस्त केली, पण शिकायला कुणी येईना. मृणालीचा दीर जाणार होता, त्याचे पैसे तर मजीदभाईंनीच घेतले नाहीत. "पायाचा भरवसा न्हाय, दुसरीकडे जा," असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. मृणालीने हे मला डबा खाताना सांगितलं. मी डब्याचं झाकण लावून टाकलं.

मी दुसऱ्या क्लासला शिकले, लायसन्स काढलं, जुनी गाडी घेतली, आईकडे जायला लागले. ती चप्पल मी परत घातली नाही. टाकूनही दिली नाही. कपाटाच्या खाली, वर्तमानपत्रात. रोज ठरवायचे, जाऊन सांगायचं. एका रविवारी साडी नेसून तयारही झाले होते, तर सुश्रुतची आत्या आली. मग म्हटलं, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी गेले, अपघातानंतर पाच महिन्यांनी. मजीदभाई पहिल्या मजल्यावर राहतात. दार त्यांच्या बायकोने, सालेहाभाभींनी उघडलं. ते खुर्चीवर बसले होते, एक पाय समोरच्या स्टुलावर. मला बघून आनंदले. "या, या! लायसन्स झालं ना? मला कळलं. कुणाकडे शिकलात? चपला घालून शिकवलं का?"

मी पिशवीतून चप्पल काढली आणि त्यांच्या हातात दिली. उभ्यानेच सगळं सांगितलं. ट्रे, मॅट, गतिरोधक, ब्रेकखालची टाच. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

ते चप्पल उलटीसुलटी करत राहिले. टाचेच्या चामड्यावर ब्रेकच्या रबराच्या पाच आडव्या रेघा उमटल्या आहेत, खोल, नखाने चाचपता येतील अशा. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

"म्हंजे पाय आला होता," ते म्हणाले.

"आला होता."

"टायमावर?"

"टायमावर, मजीदभाई. मी बघितला होता."

"सालेहा," त्यांनी हाक मारली, जरी त्या तिथेच उभ्या होत्या. "ऐकलंस? पाय आला होता." मग ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मी त्यांना रागावलेलं पाहिलं. "पाच महिने मी या पायाला शिव्या देतोय. रस्ता ओलांडत न्हाय मी, बाई. जिना उतरताना हिचा हात धरतो. नातीला कडेवर घेत न्हाय, पडंल म्हणून. डॉक्टरला सांगितलं, कापायचा तर काप, माझ्या कामाचा ऱ्हायला न्हाय."

मी पर्समधून पाकीट काढलं. त्यांनी परत केलेले पैसे, आणि दुरुस्तीचे म्हणून बाजूला ठेवलेले. त्यांनी हात लावला नाही. "शिकणाऱ्याकडून घेत न्हाय. ते ठरलंय."

"मग पुन्हा क्लास सुरू करा," मी म्हणाले. "मी सांगते सगळ्यांना. शाळेत सांगते, सुश्रुतला सांगते. खरंच सांगते."

सालेहाभाभींनी माझ्या कोपराला धरून मला दाराबाहेर आणलं आणि दार मागे ओढून घेतलं. "गाडी बिक गई, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गुरुवारी घेऊन गेला तो माणूस. इनके पायाखालचे पैडल काढून टाकले त्याने, बोला, मुझे घर के लिए चाहिए." मग पुन्हा, "गुरुवारी. अभी चार दिन भी नहीं हुए."

मागच्या रविवारी आत्या आली होती. आम्ही तिला जेवायला घातलं, गप्पा मारल्या.

मी खाली येऊन गाडीत बसले. चपला काढल्या, माझ्या गाडीतही मागे तसाच ट्रे आहे, त्यात ठेवल्या. वरच्या उघड्या खिडकीतून आवाज येत होता. मजीदभाई खुर्चीत बसल्या बसल्या, ब्रेक दाबावा तसा, तळवा फरशीवर आपटत होते. धप. मग थोडं थांबून पुन्हा, धप. भाभी त्यांना म्हणत होत्या, बस झालं, लागेल. ते थांबत नव्हते.