खानविलकरांची लेटन्सी

जुईनगरच्या आशुतोष खानविलकरांना उशीर या गोष्टीचा भयंकर तिटकारा. एपीएमसी मार्केटजवळच्या एका गोदामात ते डिस्पॅच सुपरवायझर. कुणी पाच मिनिटं उशिरा आला की हजेरीपटावर लाल रेघ आणि वर पंधरा मिनिटांचं प्रवचन, म्हणजे त्या माणसाची एकूण वीस मिनिटं वाया. संध्याकाळी हेच गृहस्थ पेटी घेऊन गायला बसायचे. गळा गोड होता, खोटं कशाला बोला. शेजारच्या बिल्डिंगमधला केतन तबल्यावर. अठरा वर्षं ही जोडी सोसायट्यांचे गणपती, बारशी, निरोप समारंभ गाजवत होती.

गेल्या गणपतीत खानविलकरांनी भर कार्यक्रमात माइकवरून सुनावलं, "जरा धीर धर रे केतन, तबला पळतोय." लोक हसले. केतनने हातोडी पिशवीत टाकली, तबले उचलले आणि घरी गेला. माफी मागायची सोडून खानविलकरांनी जाहीर केलं की आपल्याला कुणाचीच गरज नाही. सहा महिन्यांत एकट्याने कार्यक्रम करून दाखवतो, नाही तर गाणं बंद. त्यांची बायको वैशाली एवढंच म्हणाली की मग माळ्यावर पेटीपुरती जागा आत्तापासूनच करून ठेवते.

एकट्याने गाण्याची युक्ती त्यांना मोबाइलवर सापडली. लायव्ह लूपिंग. लॅपटॉपला माइक जोडायचा आणि पायाशी बटणांची एक पट्टी ठेवायची. पायाने बटण दाबलं की कॉम्प्युटर ऐकायला लागतो, पुन्हा दाबलं की ऐकलेलं तेच तेच वाजवत राहतो. आधी टाळ्या, त्यावर पेटी, त्यावर आपलाच कोरस. असे थर चढवत एकटा माणूस अख्खा वाद्यवृंद होतो. हॉलमध्ये वायरींचं जंजाळ झालं. वैशाली पोळ्यांचा डबा घेऊन उंच उंच पाय टाकत फिरू लागली.

सगळं जोडून झालं तरी लूप लंगडायचा. दर फेरीच्या शेवटी एक उचकी. खानविलकरांनी निदान केलं, लेटन्सी. म्हणजे बटण दाबल्यापासून कॉम्प्युटरला जाग येईपर्यंतचा उशीर. त्या उशिराला त्यांनी गोदामातल्या माणसांसारखंच फैलावर घेतलं. सेटिंग बदललं, वायर बदलली, शेवटी लॅपटॉपच बदलला. तालाची चूक कॉम्प्युटरने आपोआप सुधारावी अशीही सोय त्यात होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली. कलाकाराला असल्या कुबड्या लागत नाहीत म्हणे.

मुहूर्त लागला बोनकोडे गावात. गोदामात बिलिंग करणाऱ्या नमिताची हळद होती. रात्री डीजे ठरलेला, पण दुपारी सरांनी गावं असं तिलाच वाटलं, बिचारी. अख्खं गोदाम येणार होतं. ही बातमी केतनपर्यंत पोचेल याची खानविलकरांनी नीट व्यवस्था केली होती.

मांडवात पुढच्या खुर्चीत नमिताचे आजोबा गोटीराम, आणि हळदीची गाणी म्हणायला राजाबाई, गावची धवलारीण. सत्तरी उलटलेली बाई. नवीन वाद्य बघून तिने रीतीप्रमाणे हळद-कुंकू वाहिलं आणि नेमकं त्या पायाच्या पट्टीला वाहिलं, कारण सगळ्यात जास्त दिवे तिच्यावरच लुकलुकत होते. फूल ठेवलं, नमस्कार केला. आणि खानविलकरांनी पाय उचलला. बायकांमध्ये एकदम कुजबुज झाली. पूजलेल्या वाद्याला पाय लावतो हा माणूस? गोटीरामांनी नुसतं बघितलं. पाय क्षणभर हवेतच राहिला, मग गुपचूप सतरंजीवर आला. पट्टी पाटावर चढली आणि सहा महिने पायाने केलेला रियाझ हाताने करायची पाळी आली.

टाळ्या भरल्या, बटण दाबलं. उचकी. नाचायला उठलेल्या पोरींचे पाय अडखळले. पुसून पुन्हा भरलं. उचकी. पेटी चढवली तर ती टाळ्यांच्या मागून फरफटत चाललेली.  आधी खानविलकरांनी नमिताच्या घरच्यांच्या एक्स्टेन्शन बोर्डाला दोष दिला, मग बटणात हळद गेली म्हणाले, तेव्हा बायका चिडल्या. शेवटी नेहमीसारखं खापर मशीनवर फोडलं, तेच उशीर करतं म्हणून.

राजाबाई इतका वेळ मांडीवर बोटांनी ताल धरून होती. ती सरकत पाटाशी आली आणि म्हणाली की बटन मी दाबते, तू टाल्या वाजव. तिने एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. टाळ्या फिरल्या. एक फेरी, दुसरी, तिसरी, कुठे सांधा म्हणून दिसेना. पोरी नाचायला लागल्या. खानविलकरांना हुरूप आला, त्यांनी डोळे मिटून पहिली ओळ उचलली, आणि ती ओळ सगळ्या मांडवादेखत टाळ्यांच्या मागे पडली. पुढचीही पडली.

"मशीन बराबर हाय, बाला," राजाबाई मायेने म्हणाली. "तूच दर येली मागं ऱ्हातंस."

गावातलं कुणी हसलं नाही. गोदामातली माणसं मात्र मनापासून हसली.

खानविलकर मांडवामागे गेले आणि त्यांनी केतनला फोन लावला. माफी मागायचं मनात होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. तबला पळत नव्हता ना, असं त्यांनी विचारलं.

नव्हता, केतन शांतपणे म्हणाला. तू मागे पडायचास आणि मी तुझ्यासाठी थांबायचो. मग अठरा वर्षांत एकदाही सांगितलं का नाहीस, असं खानविलकरांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं. सांगितलं असतं तर तू गायला असतास का, केतन म्हणाला. मग तोच पुढे बोलला.

"गेल्या महिन्यात एका ग्रुपने बोलावलं होतं, आशू. समेवर माझा हात आपोआप थांबतो आता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. म्हणाले, याचा तबला मागे पडतो."